नक्षीची मालकी : एक प्रस्तावना

सोलापुराहून अक्कलकोटकडे निघालेला यात्रेकरू शहराची वस्ती मागे टाकीत असता रस्त्याच्या कडेला जी औद्योगिक वसाहत लागते, तिच्याकडे तो सहसा लक्ष देत नाही; त्याचे मन स्वामी समर्थांच्या वटवृक्षाखाली केव्हाच जाऊन पोहोचलेले असते. गावात केवळ ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी ही वसाहत म्हणजे यंत्रमागांचा अखंड खडखडाट, रंगणीचा उग्र दर्प, टॉवेलांचे व चादरींचे बांधून ठेवलेले गठ्ठे, आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषांत चाललेली घासाघीस यांचा एक स्वतंत्र मुलूख आहे. तिच्याविषयी आजवर जे लिहिले आणि बोलले गेले ते बहुतांशी विजेचे दर, पाण्याची टंचाई, सुताचे भाव आणि मजुरीचे तंटे यांविषयी, आणि ते आवश्यकच होते. परंतु या मागांवरून कापडासोबत आणखीही काही बाहेर पडत असते. ते गठ्ठ्यात बांधता येत नाही, वहीत जमा धरता येत नाही, आणि त्याची मालकी कोणाची असा प्रश्न उपस्थित झाला तर कारखानदार, व्यापारी, नक्षीकार आणि माग चालविणारा कामगार हे चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. सोलापुरी हे नाव आणि चादरीवरची नक्षी, या दोन अमूर्त वस्तूंचा कायदा हा पुढील प्रकरणांचा विषय आहे, आणि त्याच्या विवेचनासाठी आफ्रिका खंडातील विधिज्ञांनी गेल्या काही वर्षांत केलेल्या संशोधनाचा आधार घेतला आहे.

आफ्रिकाच का, असे वाचक विचारील, आणि त्याला तसे विचारण्याचा अधिकार आहे. आपल्याकडील बौद्धिक संपदेचा विचार, वकिलांचा असो वा प्राध्यापकांचा, लंडन, वॉशिंग्टन, ब्रुसेल्स आणि जिनिव्हा या चार पेठांत हिंडून परत येतो. तेथील निवाडे आपण आदराने उद्धृत करतो, तेथील परिभाषा जशीच्या तशी उचलतो, आणि मग ती आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसत नाही म्हणून शेडलाच दोष देतो. आफ्रिकेतील अभ्यासकांना ही चैन परवडली नाही. त्यांच्या देशांतील बहुसंख्य निर्माते कोणत्याच सरकारी दप्तरात नोंदलेले नाहीत. त्यांच्या पेटंट कार्यालयांत येणारे अर्ज पुष्कळदा परदेशी कंपन्यांचेच असतात. आणि कायदे तर वसाहतीच्या अंमलात वरून उतरलेले. अशा स्थितीत त्यांनी एक साधा क्रम स्वीकारला: आधी कारागिराच्या शेजारी जाऊन बसावे, तो काय करतो, कोणाकडून शिकतो, कोणाला शिकवितो, काय लपवितो आणि काय मुक्तहस्ते देऊन टाकतो हे पाहावे, आणि मगच त्याला कोणता हक्क उपयोगी पडेल याचा विचार करावा. केप टाउन, नैरोबी, कैरो, नायजेरिया आणि कॅनडातील ओटावा येथील विद्वानांनी मिळून चालविलेल्या ‘ओपन आफ्रिकन इनोव्हेशन रिसर्च’ या संशोधनमंडळाने 2014 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कंपालामधील वाहनदुरुस्तीचे कारागीर व विद्यापीठातील अभियंते यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण कशी चालते, नायजेरियातील चामड्याच्या व कापडाच्या मालाला सामुदायिक चिन्ह देता येईल काय, आणि दक्षिण आफ्रिकेतील बुशबक्रिजच्या पारंपरिक वैद्यांनी आपले ज्ञान एकत्रितपणे राखण्याची व्यवस्था कशी लावली, असे विषय आले आहेत. कंपालाच्या गॅरेजऐवजी सोलापुरातील माग दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि नायजेरियातील कापडाऐवजी आपली चादर, असा पालट करून तो ग्रंथ वाचला तर पुष्कळशी पाने आपल्याच गावाविषयी लिहिली असावीत असे वाटू लागते.

सोलापुरी चादरीचा पूर्वेतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्व भागात स्थायिक झालेले पद्मशाली विणकर, 1877 साली सुरू झालेली आणि पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी, तिच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या इतर गिरण्या, त्या एकामागून एक बंद पडल्यावर हातमागाच्या व यंत्रमागाच्या आश्रयाने टिकून राहिलेला कसबी वर्ग, आणि घराच्या ओट्यावरून निघून एमआयडीसीच्या शेडमध्ये स्थिरावलेले कारखाने, एवढा अनुक्रम वाचकाने ध्यानात ठेवला की पुरे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू निराळीच आहे. ती मागाच्या माथ्यावर बसलेली असते आणि तिला जॅकार्ड म्हणतात.

फ्रान्समधील लिऑन येथील जोसेफ मारी जॅकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केलेल्या या यंत्राची युक्ती अशी, की नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढावी, तिच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एकेक पुठ्ठ्याचा पत्ता घ्यावा, ज्या ठिकाणी उभा धागा वर उचलावयाचा त्या ठिकाणी पत्त्याला भोक पाडावे, जेथे उचलावयाचा नाही तेथे कोरे ठेवावे, आणि असे शेकडो पत्ते दोरीने ओवून त्यांची माळ यंत्रावरून फिरवावी. मग माग चालविणाऱ्याला नक्षी येत नसली तरी मोर, कमळ, वेल आणि बुट्टी ज्याच्या त्याच्या जागी आपोआप उमटत जातात. भोक आहे किंवा नाही, या दोनच उत्तरांवर चालणारी ही भाषा इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात उसनी घेतली, आणि अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी तिच्याच जातीच्या पत्त्यांवर कोट्यवधी माणसे मोजली. संगणकाच्या कुळाचा मूळ पुरुष शोधू जाता तो मागावर बसलेला सापडतो, ही गोष्ट संगणकशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी वाचतो. अक्कलकोट रोडवर ती रोज पाहावयास मिळते. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची जागा संगणकीय फाइलीने घेतली आहे आणि पत्त्यांच्या माळेऐवजी पेन ड्राइव्ह खिशातून फिरतो. पूर्वी दुसऱ्याची नक्षी उचलावयाची तर चादर समोर ठेवून धागे मोजीत नवे पत्ते पाडावे लागत, त्यात दिवस जात आणि चोरी करणाऱ्यालाही थोडे कसब लागे. आज ते काम एका क्षणाचे झाले आहे.

येथे कायद्याची एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते, आणि या संग्रहातील चर्चेचा पुष्कळसा भाग तिच्याभोवती फिरतो. संगणकाची आज्ञावली ही भारतीय कायद्याने ‘साहित्यकृती’ मानली आहे. ती लिहिणाऱ्याला कोठेही अर्ज न करता, शुल्क न भरता, आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क मिळतो. परंतु मागाला आज्ञा देणारी जी नक्षी, तिची गत निराळी. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 15 मधील दुसऱ्या पोटकलमाचा आशय असा, की जी नक्षी अभिकल्प (डिझाइन) म्हणून नोंदविण्याजोगी आहे पण नोंदविलेली नाही, ती ज्या वस्तूवर उमटते त्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक प्रती निघाल्या की त्या नक्षीवरील स्वामित्वहक्क तत्क्षणी संपतो. पन्नास चादरी! यंत्रमागाच्या शेडला हा आकडा किती क्षुल्लक आहे हे सांगावयास नको. मालाची पहिली खेप बाजारात पोहोचण्यापूर्वीच नक्षीकाराचा हक्क विरून गेलेला असतो, आणि त्याला त्याची वार्ताही नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली मायक्रोफायबर्सच्या प्रकरणात गादी-खुर्च्यांच्या कापडावरील नक्षीविषयी जो निर्णय दिला त्याचा रोख हाच होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये क्रायोगॅस प्रकरणी कलाकृती कोणती व अभिकल्प कोणता हे ठरविण्याची कसोटी अधिक स्पष्ट केली, तीही मूळ नियम कायम ठेवूनच.

यावरचा उपाय म्हणजे 2000 च्या अभिकल्प कायद्याखाली नोंदणी. ती दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढवून मिळते. मात्र माल एकदा उघडपणे विक्रीस आला की नक्षी नवी राहत नाही आणि नोंदणीचा दरवाजा बंद होतो. दर हंगामात ज्याला डझनावारी नक्ष्या काढावयाच्या, त्यांतील कोणती चालेल हे ज्याला बाजारात गेल्याशिवाय कळत नाही, त्या लहान कारखानदाराने प्रत्येकीसाठी आगाऊ अर्ज करावा, ही अपेक्षा ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी मागाचा आवाज ऐकला नसावा असे मला वाटते. बरे, नोंदणी केली आणि कोणी नक्कल केली, तर कायदा देतो काय? प्रत्येक उल्लंघनामागे पंचवीस हजारांपर्यंत रक्कम, तीही एका नक्षीमागे एकूण पन्नास हजारांच्या मर्यादेत. किंवा मग नुकसानभरपाईचा आणि मनाईचा दावा, जो जिल्हा न्यायालयाच्या खालच्या पायरीवर दाखलच होत नाही. वकिलाची फी, साक्षी-पुरावे आणि तारखा यांचा हिशेब ज्याने मांडला असेल तो नवी नक्षी काढून मोकळा होईल. आणि पेठेतील शहाणी माणसे नेमके तेच करीत आली आहेत.

नावाची कथा याहून बरी आहे. 1999 चा भौगोलिक उपदर्शनांचा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अंमलात आला, आणि त्यानंतर अल्पावधीतच, 2005-06 या वर्षात, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंची नोंद झाली. दार्जिलिंगच्या चहाने हा मान देशात प्रथम मिळविला होता. महाराष्ट्रात तो प्रथम सोलापूरच्या चादरीने मिळविला. पैठणी, हापूस आणि नाशिकची द्राक्षे यांच्याआधी विजेवर चालणाऱ्या मागाचा माल या पंक्तीत जाऊन बसला, ही गोष्ट ज्यांना परंपरा म्हणजे केवळ हातकाम असे वाटते त्यांना अजूनही थोडी खटकते. मला मात्र तीत सोलापूरचा सयुक्तिक व्यवहारीपणा दिसतो. कायदा हस्तकौशल्य मागत नाही. त्याला हवा असतो स्थानाशी जडलेला गुण किंवा लौकिक, आणि तो लौकिक सोलापूरने यंत्रमागावरही टिकवून धरला होता.

असा स्थानबद्ध हक्क महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. येवल्यात रेशमी कापडाचा धंदा वसविणाऱ्या मंडळींना पेशवाईत मक्ता मिळाला होता. परवानगीवाचून इतरांनी तेथे तो धंदा करू नये असा त्याचा आशय होता, आणि ब्रिटिश अमदानीत न्यायालयाने तो मोडीत काढीपर्यंत त्याची वहिवाट चालू राहिली. फरक एवढाच, की तो मक्ता वसविणाऱ्यांच्या पदरी होता आणि आजची सनद सर्व उत्पादकांच्या नावे आहे; निदान कागदावर तरी तशी ती आहे.

कागदावर, असे म्हणण्याचे कारण कायद्याच्या व्याख्येतच दडलेले आहे. भौगोलिक उपदर्शनाचा अर्ज उत्पादकांचा संघ किंवा त्यांचे हित पाहणारी संस्था यांनी करावयाचा असतो. सोलापूरच्या बाबतीत हे कर्तव्य यंत्रमागधारकांच्या जिल्हा संघाने पार पाडले, आणि ते वेळेवर पार पाडले याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ‘उत्पादक’ कोण? कलम 2 सांगते की औद्योगिक मालाच्या बाबतीत जो तो माल बनवितो तो उत्पादक, आणि त्यात अशा मालाचा व्यापार करणाराही समाविष्ट आहे. व्यापाऱ्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आला. दुसऱ्याच्या शेडमध्ये, दुसऱ्याच्या मागावर, नगामागे ठरलेल्या मजुरीने विणणारा कामगार ‘बनविणारा’ ठरतो की नाही, हे मात्र त्याने वाद घालून सिद्ध करावे. नोंदवहीच्या दुसऱ्या भागात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घातल्याशिवाय या उपदर्शनाचा वापर करण्याचा अधिकार कोणाला येत नाही, आणि त्या भागात मजुराचे नाव येण्याचे काही प्रयोजनही कोणाला वाटलेले नाही. नोंदीच्या कागदांत सूत, वीण, माप आणि तपासणीची व्यवस्था यांचा तपशील असतो. विणणारा कोठे निजतो, शेडला बाहेर पडण्याची वाट किती, हे त्यात येत नाही. 18 मे 2025 रोजी याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले. भौगोलिक उपदर्शनाचा कायदा त्या आगीला जबाबदार नाही आणि तिला प्रतिबंध करणे हे त्याचे कामही नव्हे. पण टॉवेलाच्या नावाला संरक्षण देणारे दप्तर आणि टॉवेल विणणाऱ्याच्या जिवाला संरक्षण देणारे दप्तर यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही, ही बाब संशोधकाने नमूद करावयास हवी.

आता आफ्रिकेकडे वळू. लेसोथो या डोंगराळ राज्यातील बसोथो लोक लोकरीचे नक्षीदार ब्लँकेट खांद्यावर पांघरतात. जन्म, लग्न, राज्याभिषेक यांपैकी कोणताही प्रसंग त्यावाचून पुरा होत नाही. 1860 साली राजा मोशोशो पहिला याला एक ब्लँकेट भेट मिळाले आणि तेव्हापासून ही चाल पडली, असे सांगितले जाते. पुढे ही ब्लँकेटे इंग्लंडमधील गिरण्यांत विणली जाऊ लागली, आणि आज त्यांचे उत्पादन सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत होते. नक्षीला अर्थ देणारे लोक एका देशात, विणणारा कारखाना दुसऱ्या देशात. आणि 2017 साली फ्रान्सच्या लुई व्हिताँ या श्रीमंती पेढीने त्या धाटणीच्या नक्षीचे सदरे विक्रीस काढले तेव्हा दावा कोणी व कोठे लावावयाचा, याचे सरळ उत्तर कोणापाशी नव्हते. भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्याने पाहिले तर स्थान कोणते? अभिकल्पाच्या कायद्याने पाहिले तर नवीनता कोठली? स्वामित्वहक्काने पाहिले तर लेखक कोण? आपल्या तिन्ही कायद्यांची तोंडे या एका ब्लँकेटने एकदम बंद केली.

आपल्याकडे याची आवृत्ती जून 2025 मध्ये निघाली. मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या आणि मूळ गावाचे नाव घेतले नाही. कोल्हापुरी चपलेचे उपदर्शन 2019 मध्ये नोंदले गेले असून त्यातील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत सोलापूरचाही अंतर्भाव आहे, ही गोष्ट त्या गदारोळात सोलापूरकरांच्याही फारशी ध्यानी आली नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै महिन्यात फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते हे त्या उपदर्शनाचे नोंदलेले धनी नव्हते. धनी होती महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. त्याच महामंडळांशी प्राडाने त्या वर्षाच्या अखेरीस सहकार्याचा करार केला. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून होता. परंतु ज्याचे कसब त्याला फिर्याद मागता येत नाही आणि ज्याच्या नावे सनद आहे त्याने चप्पल कधी शिवलेली नसते, हा पेच त्यातून उघडा पडला, आणि चादरीच्या बाबतीत तो उद्या उभा राहणार नाही असे समजण्यास आधार नाही.

या पेचावर आफ्रिकेत दोन परस्परविरुद्ध वाटा चोखाळल्या गेल्या, आणि दोन्ही आपण बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. घाना देशाने 2005 च्या स्वामित्वहक्क कायद्यात लोकपरंपरेतील कलाविष्कारांचे हक्क प्रजेच्या वतीने विश्वस्त या नात्याने थेट राष्ट्राध्यक्षाकडे सोपविले. त्या देशाचे केंटे हे पट्ट्यापट्ट्यांनी विणलेले कापड आणि आदिंक्रा हे ठशांचे कापड जगप्रसिद्ध आहे. बोआटेमा बोआटेंग या विदुषीने 2011 च्या आपल्या ग्रंथात विणकरांच्या आणि ठसेकारांच्या मुलाखतींवरून दाखविले, की त्यांची स्वतःची मालकीची कल्पना ही घराण्याशी, गावाशी आणि राजदरबाराशी बांधलेली आहे; एक लेखक आणि एक कृती या कायद्याच्या साच्यात ती मावत नाही, आणि राज्य विश्वस्त झाले म्हणून मावू लागते असेही नाही. विश्वस्त जेवढा मोठा तेवढा तो विणकरापासून दूर, हा त्यातला अनुभव आपल्या महामंडळांच्या संदर्भात वाचावा.

दुसरी वाट इथिओपियाची, आणि ती मला अधिक चतुर वाटते. यिर्गाचेफे, सिदामो आणि हरार या भागांच्या नावांनी त्यांची कॉफी जगभर विकली जाते. सर्वसामान्य सल्ला असा की स्थानाचे नाव आहे, तर भौगोलिक उपदर्शन घ्यावे. पण उपदर्शनाबरोबर तपासणी येते, प्रमाणपत्रे येतात, आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या असंख्य लहान शेतकऱ्यांच्या मागे तपासनीस पाठविण्याचा खर्च त्या देशाला झेपणारा नव्हता. यास्तव तेथील सरकारने ही नावे साध्या व्यापारचिन्हांप्रमाणे परदेशांत नोंदविण्याचा मार्ग धरला. अमेरिकेत 2006 मध्ये तेथील कॉफीव्यापाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली. स्टारबक्सशी जाहीर वाद झाला. आणि 2007 मध्ये उभयपक्षी करार होऊन ती नावे इथिओपियाची म्हणून मान्य करण्यात आली. या प्रयत्नाने शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते पुढे येतीलच. परंतु आपल्या परिस्थितीला झेपणारे हत्यार आपण निवडावे, फडताळात सर्वांत चकचकीत दिसते ते उचलू नये, एवढी अक्कल त्या निवडीत होती. उलट उदाहरण केनियाचे आहे: तेथील किनाऱ्यावरील पट्टेदार ‘किकॉय’ वस्त्राच्या नावावर ब्रिटनमधील एका कंपनीने व्यापारचिन्ह मागितले, तेव्हा 2007-08 मध्ये केनियातून ओरड झाली आणि तो अर्ज टिकला नाही, पण स्वतःचे नाव स्वतः आधी नोंदवून ठेवण्याचे कोणाला सुचले नव्हते.

खंडाच्या पातळीवरील व्यवस्थेची माहिती वाचकाला संबंधित प्रकरणात मिळेल, म्हणून येथे नामनिर्देश पुरेसा आहे: इंग्रजी भाषिक देशांची हरारे येथील संघटना, फ्रेंच भाषिकांची याउंदे येथील संघटना, पारंपरिक ज्ञानासाठी 2010 साली नामिबियात झालेला स्वाकोपमुंड तहनामा, आणि आफ्रिकी मुक्त व्यापारक्षेत्राचा 2023 मधील बौद्धिक संपदेचा तहनामा. यांपैकी कित्येक कागद अजून कपाटातच आहेत, आणि आफ्रिकी विद्वान ते लपवीत नाहीत. एका गोष्टीचा मात्र विशेष उल्लेख करतो, कारण ती थेट नक्षीशी संबंधित आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये रियाध येथे अभिकल्प कायद्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात अर्जदाराने आपली नक्षी कोणत्या पारंपरिक आविष्कारावरून घेतली हे उघड करावे अशी अट घालण्याची मुभा प्रत्येक देशाला मिळाली. आफ्रिकी देशांच्या गटाने वर्षानुवर्षे धरलेल्या हट्टाचे ते फळ होय. ही मुभा भारताने उद्या आपल्या कायद्यात उतरविली, तर परदेशी पेढीला चादरीवरचा मोर उचलताना निदान मोराचे गाव सांगावे लागेल.

डिजिटल धोरणावरील प्रकरणे या पुस्तकात कमी आहेत, तथापि ती वगळता येण्यासारखी नव्हती. आधारच्या धर्तीवर केनियाने ‘हुदुमा नंबा’ ही राष्ट्रीय ओळख-योजना काढली, तेव्हा नैरोबीच्या उच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2020 च्या निवाड्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खासगीपणाविषयीच्या व आधारविषयीच्या निर्णयांचा विचार केला, डीएनए गोळा करण्यास मनाई केली, आणि पुरेशी कायदेशीर चौकट असल्याशिवाय योजना पुढे नेऊ नये असे बजावले. नंतरच्या काळात तेथे जे लेखन झाले त्यात ओळखपत्र नसलेल्या नुबियन अल्पसंख्याकांचा प्रश्न अग्रभागी आहे. आपल्या चर्चेत मात्र झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला न पटणारा कष्टकरी बहुधा तळटीपेत राहिला. हातांनी राबणाऱ्यांच्या शहरात, जेथे विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आणि माग चालविणारे हजारो पुरुष राहतात, हा प्रश्न तळटीपेचा नव्हे. औषधांच्या पेटंटविषयी अधिक सांगण्याचा मोह आवरतो; मुंबईच्या सिप्ला कंपनीने 2001 मध्ये एड्सवरील तीन औषधांचा मिश्र उपचार वर्षाला 350 डॉलरांत देऊ केला आणि आफ्रिकेतील त्या रोगाचा इतिहास पालटण्यास हातभार लावला, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनीच कोविडसाठी जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटमाफी मागितली, एवढे स्मरण करून दिले म्हणजे या दोन भूभागांतील विधिविचारांचे नाते आज जुळविलेले नाही हे कळावे.

एक सावधगिरीही सुचवितो. आफ्रिकी संशोधनात सामूहिकतेचे जे गुणगान आढळते ते सोलापुरात जसेच्या तसे उतरविणे योग्य होणार नाही. आपली पेठ सामूहिक आहे खरी, पण ती भाऊबंदकीचीही पेठ आहे. येथे नक्षी वाटून घेतली जाते याचे कारण पुष्कळदा औदार्य नसून नाइलाज असतो, आणि नक्कल सोसणारा आज गप्प बसतो कारण उद्या त्यालाही कोणाची तरी नक्कल करावयाची असते. पानिपतसारख्या ठिकाणच्या स्वस्त मालाशी झुंजताना नक्षीची ही मुक्त ये-जा सोलापूरला तारते की मारते, हे अनुमानाने ठरविण्यासारखे नाही. हक्क कडक केल्यास पहिला फटका बड्या नक्कलखोराऐवजी चार मागांच्या छोट्या धन्याला बसण्याचा संभव आहे. हक्क सैलच ठेवल्यास चौकटीच्या कागदापुढे बसून डोळे झिजविणाऱ्या नक्षीकाराला एकरकमी मोबदल्यापलीकडे काही मिळावयाचे नाही. माझा कल असा, की नक्षीसाठी अल्पमुदतीचा, अर्जावाचून मिळणारा, दोन-तीन हंगामांपुरता हक्क असावा; युरोपीय संघाने नोंदणीविना तीन वर्षांचे संरक्षण देऊन असा प्रयोग 2002 पासून चालविलेलाच आहे. या मताशी पुढील लेखकांपैकी सर्व सहमत नाहीत आणि वाचकानेही लगेच होऊ नये.

कारण मत बनविण्यापूर्वी जी सामग्री लागते ती अद्याप गोळा व्हावयाची आहे. कोणती नक्षी कोणी काढली, त्याला काय मिळाले, ती किती दिवसांत शेजारच्या शेडमध्ये पोहोचली, पेन ड्राइव्ह कोणाच्या हातून गेला, ‘सोलापुरी’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मालापैकी किती माल सोलापूरने पाहिला आहे, अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीने कोणाचा भाव वाढला, या प्रश्नांची उत्तरे चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या अभिकल्प-नोंदणीच्या दप्तरात नाहीत. ती अक्कलकोट रोडवर आणि पूर्व भागातील गल्ल्यांत आहेत. सोलापुरातील विधी महाविद्यालयांच्या आणि वस्त्रतंत्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनी जोडीजोडीने, एक कायद्याचा आणि एक मागाचा, या शेडमध्ये जावे, तेलुगू येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर घ्यावे, आणि विचारून लिहून काढावे. कारखानदारांना एवढेच सांगणे, की अभिकल्पाचा अर्ज नव्या नक्षीची चादर दुकानात जाण्यापूर्वी करावा लागतो. ती गेल्यानंतर केलेला अर्ज टिकत नाही.